रिकाम्या खोलीतलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे खरं, पण एका जागी पडून राहणं मला बिलकुल जमत नाही. माझ्या पोटात माणसंच तशी भरली आहेत. अमेरिकेतल्या एका काळ्या प्राध्यापकबाईंनी मला लिहिलं. काळ्या माणसांना चांगल्या वस्तीत घर मिळू नये म्हणून गोऱ्यांनी काय काय केलं आणि शेवटी ती माणसं हक्कासाठी रस्त्यावर कशी उतरली, हे सगळं माझ्यात आहे. नागपुरात कोणीतरी मला मराठीत आणलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांत ही गर्दी! तिथून आसगावच्या जागेश्वरने मला उचललं आणि लेकीच्या, रत्नमालाच्या हाती दिलं. पुढे अख्ख्या मोहल्ल्यात मी फिरलो. माझी शिवण सैल झाली, पण मी खुशीत होतो.

रत्नमाला नर्सिंग शिकायला लाखनीला आली. सुमित्राबाईंच्या घरी तिला भाड्याने खोली मिळाली. आसगावहून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. खोली गेली की शिक्षण गेलं. सोबत घरच्या बारीक तांदळाचं भरलेलं पोतं होतं. ते पाहून सुमित्राबाईंनी मनाशीच काय ते ठरवलं आणि आडनाव विचारायचं राहूनच गेलं. "पोरगी चांगल्या घरची दिसते," म्हणाल्या. त्यांची लेक रिता बारावीत होती. ती रोज संध्याकाळी येऊन मला वाचायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुमित्राबाईंनी रत्नमालाला आग्रहाने बोलावलं. मी खोलीतच होतो, पण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या धुरपताबाईंनी विचारलं, "कोणाची वं तू? आडनाव काय तुझं?"

रत्नमालाने सांगितलं. लपवायचं काय त्यात? पण पलीकडचा गलका एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी सुमित्राबाई दारात आल्या. आत पाय टाकला नाही.

"पोरी, आमच्या घरी पाहुणे येऊन राहिले. खोली लागते आमाले."

"परीक्षा तोंडावर आहे, काकू. आता कुठं जाऊ मी?"

"कोणते पाहुणे, आई?" रिता म्हणाली.

"तू चूप बैस!"

अरे, हे पाहुणे मी चांगलेच ओळखतो! माझ्या पानापानांत ते भेटतात, येत मात्र कधीच नाहीत. माझा नुसता जळफळाट झाला. रत्नमालाने पोतं बांधलं, डोळे पुसले आणि मला रिताच्या हाती दिलं. "पूर्ण वाच, मग दे," म्हणाली आणि बसस्टँडकडे निघाली. मला त्या घरात जागा मिळाली, माझ्या पोरीला नाही. पाहुणे आजवर आलेले नाहीत. रत्नमालाचे तास बुडताहेत आणि रिता हातात घेते तेवढा वेळ सोडला, तर मी इथे रिकाम्या खोलीत धूळ खातोय.

परवा दुपारी सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या आणि रिता मला मोठ्याने वाचत होती. एका काळ्या बाईला लेकरांसकट दारातून परत पाठवल्याचं पान आलं. सुमित्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय मेले ते गोरे! लेकरं घेऊन आली होती बिचारी. असं कोणी करते काय?"

रिताने मला मिटलं. "आई, पाहुणे तर आलेच नाही. ताईचा नंबर आहे माझ्याजवळ. लावू का?"

 सुमित्राबाईंचा सुपातला हात तेवढा थांबला.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, कपाटात ठेवू नका. माझी पानं फाटली तर फाटू द्या, पण मला या हातातून त्या हातात फिरवा. एवढंच सांगतो, मला वाचून रडू आलं तर डोळे मागाहून पुसा, आधी उठून आपल्या रिकाम्या खोलीचं दार उघडा.