अण्णांसाठी निवडलेली झडप

न्युरेम्बर्गच्या घरात दोन खोल्या ओलांडल्या तरी अण्णांना धाप लागायची. सरिताचे हे सासरे चौऱ्याऐंशीचे. हृदयाची झडप कडक होऊन अरुंद झालेली. छाती उघडणं झेपणार नव्हतं, म्हणून मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायचं ठरलं.

सरिताचं कामच ते. कोणत्या मापाची झडप कशी बसेल, हे स्कॅनवरून आधीच सांगणारा प्रोग्राम तिची टीम तपासून पाहत होती. अण्णांना विचारून तिने त्यांचं स्कॅन त्यात घातलं. मोठ्या झडपेने धमनी फाटायचा धोका दिसला. लहान झडपेच्या कडेने थोडं रक्त गळणार होतं.

"मी मोठीच बसवली असती," डॉ. केलर म्हणाल्या. "तुमच्या प्रोग्रामला अजून मान्यता नाही. पण पेशंटने ठरवावं."

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

"लहान, अण्णा."

"मग लहान."

झडप नीट बसली. गळती मात्र अंदाजापेक्षा जास्त निघाली. आधी जिना सुटला, मग अंघोळीला माणूस लागू लागलं, मग आडवं होणंही बंद झालं. एका दुपारी ती त्यांच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होती.

"मी गेल्यावर हृदय उघडून बघायला सांग," अण्णा थांबत थांबत म्हणाले. "तुझं बरोबर होतं की नाही, कळेल तरी. पुढच्या म्हाताऱ्यांना उपयोग होईल."

"बघू," म्हणत तिने विषय बदलला.

अकराव्या आठवड्यात अण्णा गेले. हॉस्पिटलातच तिने नवऱ्याला, मिहीरला, त्यांची इच्छा सांगितली.

"मला कधी बोलले नाहीत ते. लेखी आहे?"

नव्हतं.

"आता पुरे, सरिता. सोड त्यांना."

तिने पुन्हा शब्द काढला नाही. आठवड्याने दहन झालं.

ऑफिसात तिच्या टीममधला नील प्रोग्रामच्या अंदाजांचा तक्ता भरत होता. "म्हणजे, गळती आपण ओळखली होती. यशस्वी धरू या?"

"मोठ्या झडपेने धमनी फाटली असती का?"

"ते आता कसं कळणार?"

"मग यशस्वी लिहू नकोस. पेशंट अकराव्या आठवड्यात गेला, एवढंच लिही."

संध्याकाळी जेवताना मिहीरने विचारलं, "मोठी बसवली असती तर?"

"माहीत नाही."

तो ताट उचलून अण्णांच्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.