दुसरा हात

सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीत निंबा मिस्तरीला इंजिनाबद्दल काही विचारलंत, तर तुमचा तासभर गेलाच म्हणून समजा. ॲल्युमिनियमचं इंजिन आणि लोखंडाचा बोल्ट म्हणजे सासू-सून, असं तो सांगे. राहतात एकाच घरात, पण तापल्या की एक जास्त फुगते. म्हणून बोल्टला दोन हात लागतात. पहिला हात जोडताना, हलका. मग इंजिन चालवायचं, तापू द्यायचं, आतलं पॅकिंग दबू द्यायचं, आणि सगळं पार थंड झालं की दुसरा हात, पुरा. गरम इंजिनाला पाना लावला तर बोल्ट घट्ट असल्यासारखा वाटतो, ती नुसती फसवणूक. वर जोर जास्त झाला तर आतले आटेच निघून येतात.

दुसरा हात झाला की निंबा प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे, काम झालं. ठिपका नाही, काम नाही. सणासुदीला दिवसाला आठ-आठ गाड्या दारात, कुणाचं काय राहिलं हे कोण ध्यानात ठेवणार? "डोकं विसरतं, ठिपका विसरत नाही," असं तो छाती पुढे काढून म्हणायचा. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची, पण गाडी त्याच्याकडेच आणायची.

आता आखाजी, म्हणजे खानदेशची अक्षय्य तृतीया, माहेरी आलेल्या पोरींच्या झोक्यांचा सण, परवावर आली होती. पोरगी धनश्रीची लग्नानंतरची पहिली आखाजी. सुरतेत झोका बांधायला झाड कुठलं, म्हणून ती नवऱ्याबरोबर साक्रीकडच्या गावी काकाच्या घरी निघाली होती, मोटरसायकलवर. निंबा आणि त्याची बायको मालतीबाई संध्याकाळच्या गाडीनं मागून जाणार होते.

जावई संदीप हजिऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथे बोल्ट कसायला मापाचा पाना, जोर पुरा झाला की 'टक' वाजणारा. संदीपनं एकदा सहज विचारलं होतं, "मामा, तसला पाना तुम्हाला आणून देऊ का?" निंबाला ते असं झोंबलं की दोन दिवस तो जेवताना धड बोलला नाही. "जावईबापू, तीस वर्षं हाच आमचा मापाचा पाना," म्हणत त्यानं मनगट पुढे केलं होतं. बिचारा संदीप पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

त्याच संदीपच्या मोटरसायकलच्या क्लच प्लेटी निंबानं काल संध्याकाळी बदलल्या. उजव्या बाजूचं ॲल्युमिनियमचं झाकण नव्या पॅकिंगवर बसवलं, नऊही बोल्टांना पहिला हात दिला, गाडी चालवून तापवली आणि थंड व्हायला घरासमोर लावून दिली. सकाळी उठल्यापासून गिऱ्हाइकांची रांग. आठ वाजता पिशव्या बांधून धनश्री-संदीप निघाले, तेव्हा निंबा एका स्कूटरखालून तसाच उठून आला. वाकून बघितलं. नऊ बोल्ट, नऊ लाल ठिपके. केलं वाटतं मी पहाटे, असं मनाशी म्हणून त्यानं टाकीवर थाप मारली. "जा आता बिनघोर."

साडेनऊला दारात थांबलेल्या भूपेंद्रभाईची स्कूटर पुरी झाली. निंबानं ठिपका द्यायला सवयीनं खिडकीतली बाटली घेतली. झाकण फिरेना. पकडीनं फिरवलं, तर आत रंग वाळून खडा झालेला.

तेवढ्यात मालतीबाई बाजारातून आली आणि नवी बाटली त्याच्या हातावर ठेवली. "परवापासून बोंबलत होता ना, वाळली, वाळली म्हणून. ही घ्या."

निंबा त्या बाटलीकडे बघतच राहिला. परवा वाळली. मग आज सकाळी संदीपच्या गाडीवर लाल कशाचं होतं?

"मालती, जावयाच्या गाडीला हात कोणी लावला?"

"हात? कुंकू मीच लावं ना. पूजा करी सकायले. काय व्हयनं?" तिच्या तोंडी गावची अहिराणी आली.

"बोल्टांवर?"

"हो. तुम्ही रोज एकेकाला लावता, कुणाला सोडत नाही. म्हटलं आपल्याकडूनही एखादा उपाशी राहायला नको." ती हसली, आणि त्याचा चेहरा बघून हसू तिथंच राहिलं.

दुसरा हात झालेलाच नव्हता. नऊ बोल्ट अर्ध्या जोरावर, वर दोन माणसं, सामान, उन्हाळ्याचा रस्ता आणि पुढे नवापूरनंतरचा घाट. पॅकिंग दबणार, बोल्ट सैल होणार, झाकणातून तेल गळणार, आणि गळलेलं तेल वाऱ्यानं थेट मागच्या चाकावर. ते चाक वळणावर काय करतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

संदीपला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. हेल्मेट घातलेल्या माणसाला काय ऐकू येणार? धनश्रीचा लावला. तोही कुठल्या तरी पिशवीच्या तळाशी वाजत असणार.

"तुझ्या कुंकवानं घात केला," तो मालतीबाईवर खेकसला. पाने, तेलाचा डबा, पुसायचं फडकं पिशवीत कोंबलं आणि स्वतःच्या गाडीला किक मारली. "काका, मारी गाडी?" म्हणत भूपेंद्रभाई आपल्या स्कूटरसाठी मागे धावला, पण निंबा गल्लीच्या बाहेर गेलासुद्धा. दारात मालतीबाई कुंकू लागलेली बोटं पदराला पुसत उभी होती.

कडोदऱ्याला ट्रकांची रांग. निंबा फटीफटीतून गाडी घालत होता, शिव्या खात होता. बारडोली मागे पडली. त्याची नजर समोर कमी आणि रस्त्यावर जास्त. काळा डाग दिसला की काळीज हलायचं. पण हायवेवर डागांना काय तोटा? प्रत्येक ट्रक आपलं काही ना काही गाळत गेलेला. हा धनश्रीचा, नाही, हा नाही, हा असेल, असं करत तो मैलामागून मैल कापत होता. दर दहा मिनिटांनी थांबून फोन लावायचा, आणि थांबलो म्हणून स्वतःवरच चिडायचा. पुढे एका जागी गर्दी दिसली, तर त्यानं गाडी तिकडेच वळवली. जवळ गेला, तर कलिंगडं विकायला बसली होती.

व्यारा ओलांडल्यावर रस्त्याकडेला एक रसवंती होती. चिंचेखाली ओळखीची मोटरसायकल, आणि शेजारी बाकावर धनश्री. सुखरूप. निंबानं गाडी उभी केली खरी, पण स्टँड लावायचं विसरला आणि ती पडता पडता संदीपनं धरली.

"मामा? तुम्ही इथं?"

निंबानं खाली बघितलं. धनश्रीच्या उजव्या पायावर, घोट्यापासून बोटांपर्यंत, लाल ओघळ होते.

"रक्त नाही, आबा," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं. पाय ओला लागला, खाली बघितलं तर लाल. यांना पाठीत बुक्के मारून थांबवलं. नुसतं काळं तेल असतं तर माझं लक्षही गेलं नसतं."

झाकणाच्या खालच्या कडेनं तेल पाझरत होतं, वाटेत बोल्टांवरचं कुंकू घेऊन. मागच्या टायरच्या कडेला हातभर ओली पट्टी दिसत होती. संदीपनं ती मातीनं घासायला घेतली होती. निंबानं पट्टीवर बोट फिरवलं आणि बोटावरचं तेल बघत तो तिथंच बसला.

"पॅकिंग खराब आलं असेल," धनश्री घाईनं नवऱ्याला म्हणाली. "आबांचा हात नाही चुकत."

संदीपनंही मान हलवली. "हो ना. बाजारात काय माल येतो हल्ली."

दोघांनी मिळून वाट करून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर निंबाची तीस वर्षं शाबूत राहिली असती. तेवढा एक क्षण त्याला मोह झाला, खोटं कशाला बोला.

"हात चुकला नाही," तो म्हणाला. "दुसरा हात लागलाच नाही. कुंकू बघितलं आणि खूण समजलो. पाना लावून बघितला असता तर कळलं असतं. नाही लावला."

रसवाल्यानं चरकात ऊस घातला.

"तुम्ही तरी कसून का नाही घेतलं?" निंबानं विचारलं. "पाना होता ना गाडीत?"

"होता. पण कडोदऱ्याच्या ट्रकांतच दीड तास गेला, इथं आत्ताच टेकलो, फोनही बघितले नाहीत. इंजिन गरम आहे. तुम्हीच सांगता, गरम झाकणाला हात लावायचा नाही. म्हणून थांबलोय."

निंबा उठला. इंजिनाला हात लावला, चटका बसला. दोन फेऱ्या मारल्या, परत हात लावला. रसवाला पाणी ओतू का म्हणाला, तर त्याच्या अंगावर धावून गेला. तापलेल्या ॲल्युमिनियमवर थंड पाणी, खुळा आहेस का? मग त्याचीच माफी मागून त्याच्याकडचा रस प्यायला, अर्धाच. पुन्हा उठला.

"मामा, बसा. तुमच्या हात लावण्यानं ते गार होणार नाही."

पाऊण तासानं झाकण हाताला थंड लागलं. निंबानं पाना बोल्टवर धरला. पाना बोल्टच्या डोक्यावर टकटक वाजायला लागला. हात कापत होता. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरून बघितलं, थांबेना.

त्यानं पाना संदीपपुढे केला. "तुम्ही कसा, जावईबापू. समोरासमोरचे धरून, थोडं थोडं."

संदीपनं नऊही बोल्ट कसले. निंबा शेजारी उकिडवा बसून फक्त "पुरे" म्हणत होता. मग त्यानं सगळे पुन्हा एकदा बघायला लावले. तेल भरलं, टायर पुसून कोरडा केला. खिशातली नवी बाटली धनश्रीला दिली. तिनं एकेक ठिपका दिला, आणि निंबानं वाळेपर्यंत कुणाला गाडीवर बसू दिलं नाही.

"तो टक वाजणारा पाना," जाताना तो संदीपला म्हणाला, "गावाहून आलात की आणा."

गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं मालतीबाईला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. पलीकडून नुसता रडका श्वास.

"सुखरूप आहेत. पुढे गेली."

"माझ्या कुंकवानं..."

"तुझ्या कुंकवानं थांबवलं पोरीला," निंबा म्हणाला. "घात मी करत होतो. येतो आता, भूपेंद्रभाईला बसवून ठेव."