नंबर धरायला गेलेला नवरा

ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. सगळं काम उभ्यानं, आणि दर महिन्याला दोन दिवस ओटीपोटात अशी कळ, की हातातली एक काच दोन दिसावी. रजा मागितली की साहेब म्हणायचे, "पोट सगळ्यांनाच असतं, बाई." घ्या! जशी काही ती पोट असल्याचीच तक्रार घेऊन गेली होती.

घरी तरी काय वेगळं? नवरा नकाशे काढायच्या कचेरीत. माणूस वाईट नाही, पण "इतकं काय दुखतं?" हे त्याचं पालुपद. सासूबाई म्हणायच्या, "बायकांचं असतंच ते." झालं, विषय संपला.

मग कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, किल्लीवाल्याच्या दुकानाच्या माडीवर एक मणक्यांचा डॉक्टर बसतो. पाठीचा मणका कटकन बसवतो आणि पाळीचं दुखणं, त्याआधीची चिडचिड, रडू, सगळं थांबतं म्हणे. लोक त्याला कटकट डॉक्टरच म्हणायचे. खरंखोटं देव जाणे, पण बुडत्याला काडीचा आधार. अडचण एकच होती. नंबर सकाळी आठला लावायचा, आणि बाकावर माणूस नसेल तर नंबर बाद. तिला सुटका मिळणार जेवणाच्या सुट्टीत. म्हणून नंबर धरायला तिनं नवऱ्याला बसवलं आणि आपल्या तक्रारींची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

इथंच घात झाला. त्या डॉक्टरला बोलायची सवय नव्हती. अकरा वाजता त्यानं नंबर पुकारला, चिठ्ठी वाचली, "पाळी, कंबर, ओटीपोट, चिडचिड," नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पालथे पडा." आता हा नवरा पांढऱ्या कोटापुढे ब्र काढील तर शपथ. पडला पालथा. कट!

तिकडे कारखान्यात अकरा वाजून दहा मिनिटांनी तिची कळ थांबली. कमी झाली नाही हो, थांबली! सुट्टी होताच ती धावत सुटली, तर नवरा कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. चेहरा खडूसारखा पांढरा.

"अगं," तो म्हणाला, "इथं खाली काहीतरी पिळतंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी त्याचं दुखणं थांबलं, आणि सगळ्यांनी ठरवलं की बाहेरचं खाणं बाधलं असेल. पण पुढच्या महिन्यात तिची तारीख जवळ आली तसं याचं बिनसायला लागलं. डब्याचं झाकण लागेना म्हणून रडला. आईवर ओरडला, मग आईवर ओरडलो म्हणून रडला. आणि ठरल्या दिवशी सकाळी गुडघे पोटाशी घेऊन अंथरुणात पडला. तिला पाळी आली, पण दुखणं नावालाही नाही.

त्याच्या कचेरीत कळवलं तर तिथले मोठे साहेब हादरलेच. चार दिवस रजा दिली, वर कचेरीतल्या दोन माणसांना गरम पाण्याची पिशवी घेऊन घरी पाठवलं. मग तिनं भीत भीत आपल्या साहेबांना विचारलं, "साहेब, नवऱ्याच्या पोटात दुखतंय..."

"अरे देवा! मग इथं काय करताय? पळा घरी!" म्हणत साहेबांनी स्वतः तिची पर्स आणून दिली.

तिला भर रस्त्यात उभं राहून बोंब मारावीशी वाटली. इतकी वर्षं ती कळवळत होती तेव्हा कुणाचं पान हललं नाही, आणि यांच्या पोटात कळ आली तर गाव गोळा!

दुसऱ्या दिवशी नवरा हट्टालाच पेटला. डॉक्टरकडे चला, मणका उलटा बसवून घेऊ. एका बाजूला ती, एका बाजूला सासूबाई, असं धरून त्याला जिना चढवला. डॉक्टरनं शांतपणे मान डोलावली.

"येतो की उलटा बसवता. पण चिठ्ठी या बाईंची आहे, दुखणंही यांचंच. परत घेते म्हणून सही लागेल."

नवरा तोवर टेबलावर पालथा पडलासुद्धा होता. टेबलाला तोंडासाठी भोक होतं, त्यात त्याचं तोंड. तिला फक्त पाठ दिसत होती आणि डोक्यावरचं नवं टक्कल. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. रात्रभर तळमळत होता बिचारा. ही कळ वैऱ्यालाही येऊ नये, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं," सासूबाई पुटपुटल्या. मुलाला म्हणाल्या की सुनेला, कोण जाणे.

तिनं पेनाचं टोपण काढलं. नावाचं पहिलं अक्षर काढलंही.

"कर गं लवकर," भोकातून नवऱ्याचा आवाज आला, अगदी लाडीगोडीचा. "मला नाही सहन होत. तुझं काय, तुला सवय आहे."

पेन तिथंच थांबलं. तिनं टोपण लावलं आणि कागद डॉक्टरकडे सरकवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "होईल यांनाही सवय."