छताला ठोकणारा झेला

“काकी, तुम्ही वर रोज एवढं कुटता तरी काय?”

बस, एवढाच प्रश्न. पण तो चौथ्या मजल्यावर जाऊन, तोंडावर विचारायचा, असं चॅलेंज विनी आणि राधिका या मैत्रिणींनी एलिसाला दिलं होतं. “रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषण ठोकणार ना तू? मग आधी त्या बाईला विचारून दाखव की!” असं विनी म्हणाली, आणि राधिका नुसतीच हसली. ते हसणं एलिसाला जास्त झोंबलं. तिने बाल्कनीच्या कोपऱ्यातून मला उचललं आणि ती तरातरा जिना चढू लागली.

मला म्हणजे कोणाला? मित्रांनो, ती जिना चढतेय तोवर माझी हकिगत ऐकून घ्या.

मी झेला. उंच झाडावरचे आंबे आणि चिकू अलगद काढायला जी जाळीवाली लांब काठी असते ना, तोच मी. वसईजवळच्या सांडोर गावात, एलिसाच्या सॅन्टन आजोबांच्या वाडीत माझा जन्म झाला. आजोबांनी बांबूच्या बेटातून मला निवडून घेतलं, सावलीत वाळवलं आणि विस्तवावर शेकून सरळ केलं. टोकाला लोखंडी कडं बसवलं, कड्याला देठ कापायचं छोटं पातं लावलं आणि सुतळीची जाळी स्वतः विणली. ती विणताना आजोबा म्हणाले होते, “जाळी सैल हवी. फळाला कळताच कामा नये की आपण पडलो.”

काय दिवस होते ते! चांगला बारा फूट उंच होतो मी. पानांत शिरायचो, देठ पात्यात धरायचो, हलकासा हिसका, की फळ माझ्या जाळीत! खाली केळीच्या पानांवर फळांची रास लागायची. शेजारचे नरहरी काका मला उसना मागायला यायचे आणि आजोबा बजावायचे, “देतो, पण टेकवून ठेव हां, आपटू नको.” एवढा मान एखाद्या काठीला मिळालेला तुम्ही पाहिलाय का?

पुढे आजोबा गेले. वाडीच्या वाटण्या झाल्या. रॉबर्ट, म्हणजे एलिसाचे पप्पा, माणिकपूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. “बाकी काही नको, पण पप्पांचा झेला मी नेणार,” असं ते हट्टाने म्हणाले. मला फार बरं वाटलं. पण बारा फुटांचा मी लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. शेवटी वॉचमनकडून करवत आणली आणि मला अर्ध्यात कापलं. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही.

मग काय, बाल्कनीचा कोपरा. कोळिष्टकं काढायची, शेजारच्या ग्रिलवर पडलेला टॉवेल ओढायचा. जाळीत कोणीतरी क्लिपा ठेवायला सुरुवात केली. तेही मी सहन केलं. कामाला लहान-मोठं म्हणू नये.

मागच्या जूनमध्ये मात्र वरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. आंध्रमधलं नवरा-बायकोचं जोडपं. नवरा सिंहाचलम पूर्वेकडच्या एका कारखान्याच्या गाळ्यात कामाला. सकाळी सातला जाणार, रात्री जेवायला येणार. बायको कनकम्मा दिवसभर एकटी. आणि रोज दुपारी चार वाजले की वरून सुरू व्हायचं: धप्, धप्, धप्!

एलिसा यंदा दहावीला आहे. शाळेतून येऊन ती नेमकी चारलाच अभ्यासाला बसते, आणि तिचं टेबल नेमकं त्या आवाजाखाली. भूमितीचं प्रमेय अर्ध्यावर आलं की धप्! डोक्यातून सगळं गायब. पूर्वपरीक्षेत गणितात तिला चाळीसपैकी सतरा मिळाले तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून रडली. आवाज दीड तास चालायचा, एक दिवससुद्धा सुट्टी नाही.

बोलून पाहिलं नाही असं नाही. तिची मम्मी ॲनी दोनदा वर गेली. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. कनकम्मा हसून मान हलवायची आणि आत ये म्हणून हात करायची. एलिसाने फोनवर भाषांतर करून ऐकवलं, तर कनकम्मा फोनलाच भरभर उत्तर द्यायला लागली. फोनने त्याचं मराठी केलं, “पूर्वेकडील पीठ आनंदी आहे.” आता बोला! मग एलिसाने इंग्रजीत चिठ्ठी लिहून त्यांच्या दाराला चिकटवली. दुसऱ्या दिवशी कनकम्मा ती चिठ्ठी नीट घडी करून परत घेऊन आली, आणि सोबत वाटीभर तिखट चटणी.

“बघ, आवाज बंद करा म्हटलं तर चटणी देते!” ॲनी म्हणाली.

“चव मस्त आहे पण,” रॉबर्ट बोटं चाटत म्हणाले. मायलेकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन बाल्कनीत माझ्याजवळ येऊन बसले. जिन्यात त्यांना एकदा सिंहाचलम भेटला होता. तो प्रत्येक वाक्यावर “सॉरी सर, सॉरी सर” म्हणाला आणि कामाला धावला.

अखेर एके दिवशी एलिसाने मला उचललं. उलटं धरलं, जाळी खाली आणि बुंधा वर, आणि छताला जोरात ठोकलं. ठक्! ठक्! ठक्!

मित्रांनो, ज्याला आजोबांनी ‘आपटू नको’ म्हणून जपलं, त्याच्या वाट्याला हे आलं. पण खरी गंमत पुढेच. वरचा आवाज थांबला नाही, उलट रंगात आला! आम्ही ठक् केलं की वरून धप्. आम्ही भरभर ठोकलं की वरही भरभर. आम्ही जितके चिडून ठोकायचो तितका वर जोर चढायचा. छताचा चुना आमटीत पडला. माझ्या बुंध्याला चीर गेली.

“मुद्दाम करतेय ती! आपल्याला चिडवतेय!” एलिसा ओरडली.

आता एलिसा म्हणजे कालपरवापर्यंत उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी. पण ऑगस्टमध्ये शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि ती अशी काही खुलली की काय सांगू! तिने स्वतः तक्रारीचं पत्र लिहिलं, दारोदार फिरली आणि अकरा सह्या मिळवल्या. सोसायटीचे सेक्रेटरी मर्विन अंकल खूश झाले. “शाबास! रविवारी मीटिंगमध्ये तूच वाच. ठराव झाला की घरमालकाला कळवू. महिन्याभरात भाडेकरू बाहेर.”

तर असं सगळं होतं, मित्रांनो. पत्र तयार, सह्या तयार, आणि शुक्रवारी दुपारी, मीटिंगच्या दोनच दिवस आधी, मैत्रिणींच्या चॅलेंजपायी एलिसा मला पुरावा म्हणून हातात धरून चौथ्या मजल्यावर पोचली.

दार कनकम्मानेच उघडलं. पदर खोचलेला, हात तिखटाने लाल. आत जमिनीवर दगडी उखळ, त्यात उभं मुसळ, शेजारी पसरलेल्या सुक्या मिरच्या.

“काकी, तुम्ही वर रोज एवढं कुटता तरी काय?” एलिसाने एका दमात विचारलं.

कनकम्माचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ती माझ्याकडे बघत होती.

“चिक्कम!” ती ओरडली. तिच्या भाषेत ते माझंच नाव असणार.

तिने मला एलिसाच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. माझी जाळी चाचपली, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि काय केलं माहीत आहे? मला सरळ केलं! जाळी वर, बुंधा खाली. मग पंख्याच्या दिशेने मला उंच नेऊन, मान वाकडी करून, तिने एक नसलेला आंबा अलगद काढला आणि एलिसाच्या ओंजळीत ठेवला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला ओळखलं होतं. आणि ओळखणारी वसईची नव्हती.

एलिसा गोंधळली. पण ती हार मानणारी नाही. तिने मला परत घेतलं, “हे, हे!” म्हणत फरशीवर ठोकून दाखवलं. ठक्, ठक्. म्हणजे हा आवाज, हा बंद करा.

कनकम्माचा चेहरा उजळला. तिने खाली फरशीकडे बोट केलं, मग एलिसाकडे, मग माझ्याकडे. ती धावत गेली, मुसळ उचललं, एकदा मारलं, धप्, आणि थांबली. एलिसाकडे बघत राहिली. भुवयांनी खुणावलं, आता तू.

एलिसाने नकळत मला फरशीवर टेकवलं. ठक्.

धप्. ठक्. धप्. ठक्.

कनकम्मा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तिने पदराला हात पुसून फोन आणला आणि एक व्हिडिओ लावला. कुठल्यातरी अंगणात दोन बायका एकाच उखळात आळीपाळीने मुसळं मारत होत्या. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. एक होती कनकम्मा. दुसरी हुबेहूब तिच्यासारखी, फक्त वयाने मोठी, तिची बहीणच असावी. कनकम्माने तिच्यावर बोट ठेवलं आणि मग हात लांब, खूप लांब, खिडकीबाहेर नेला.

इतक्यात दारात ॲनी. “आता दोन दोन आवाज? काय चाललंय इथे?” ती तावातावाने आली होती. पण व्हिडिओ बघितला आणि ती तिथेच, फरशीवरच्या मिरच्यांशेजारी, बसली.

“एलिसा, अगं, हे तर आमच्याकडचं,” ती हळूच म्हणाली. “एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला कुटायचा असला की माझी आई आणि मार्गारेट मावशी अशाच समोरासमोर उभ्या राहायच्या. एकटीने कुटायला हात भरून येतात गं. शेजारणीने ठोका ऐकला की आपलं मुसळ घेऊन यायचं, ही रीतच होती. जी यायची नाही तिला नावं ठेवायचे.” मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “आपण छताला ठोकत होतो, आणि हिला वाटलं, खालची पण कुटतेय. हिच्यासोबत!”

एलिसाला हसू आलं नाही. तिच्या दप्तरात अकरा सह्यांचं पत्र होतं.

ती दोघींना उद्देशून म्हणाली, “पण मला अभ्यास आहे.” तिने हवेत पुस्तक उघडलं, कानांवर हात ठेवले, डोळे मिटले. या वेळी कनकम्माला कळलं. अगदी पूर्ण कळलं. तिने खालच्या फरशीकडे पाहिलं, मग मुसळाकडे. तिचा चेहरा एवढासा झाला. दोन्ही हात जोडून ती काहीतरी पुटपुटली आणि मुसळ उखळातून काढून तिने भिंतीला उभं केलं.

शनिवारी चार वाजले. वरून काही नाही. सव्वाचार, साडेचार. पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईल इतकी शांतता. एलिसाला जी हवी होती तीच. मी बाल्कनीतून बघत होतो, तासाभरात तिने पुस्तकाचं एकही पान उलटलं नाही. दोनदा तिने छताकडे पाहिलं.

मित्रांनो, मी काही शिकलेला नाही, बांबूच आहे. पण एवढं सांगतो. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वस्तू कोपऱ्यात असेल. ती कशासाठी बनली होती ते मोठ्यांना विचारा आणि तिला जपा. आणि वरचा, खालचा, बाजूचा शेजारी त्रास देत असेल तर ठोकाठोकी करायच्या आधी एकदा जिना चढा. भाषा येत नसली तरी चढा. मला उलटं धरून महिनोन्‌महिने जे कळलं नाही, ते सरळ धरल्यावर पाच मिनिटांत कळलं.

संध्याकाळी रॉबर्ट घरी आले. बूटही काढले नव्हते, इतक्यात एलिसा पत्र घेऊन समोर उभी राहिली.

“हे उद्याचं ना? वाच बघू मोठ्याने,” ते म्हणाले. “मर्विन आताच खाली भेटला. म्हणे, सगळे येणार आहेत तुझं भाषण ऐकायला.”

“आणि आता माघार घेतलीस तर हसतील हां तुला,” ॲनी आतून म्हणाली. पण तिचा आवाज मोठा नव्हता. ती दारात येऊन उभी राहिली.

एलिसाने एक मोठा श्वास घेतला, स्पर्धेच्या स्टेजवर घेतला होता तसा.

“पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. उद्या मी उभी राहणार, पण पत्र वाचायला नाही. सगळ्यांसमोर सांगणार की छताला आम्हीच ठोकलं, ती आमच्याशी शेजारधर्माने वागली, आणि आम्ही तिलाच घराबाहेर काढायला निघालो. अकराच्या अकरा दारांवर आज मी स्वतः जाऊन हे सांगून येते. मम्मी, आपली जुनी गोधडी तिच्या उखळाखाली घालायची आणि माझ्या टेबलाच्या बरोबर वर येणारं ते उखळ सरकवून पलीकडच्या खोलीत न्यायचं. तरी आवाज येईल. येऊ दे. ती चार ते पाच कुटेल, मी पाचला अभ्यासाला बसेन, आणि गणितात नापास झाले तर ते माझं मी बघेन. कनकम्मा कुठेही जाणार नाही.”

आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने चपला घातल्या.