नियम नववा आणि सभ्य माणूस

मेंढ्यांचा लिलाव पुकारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि तारंगुल फुटबॉल क्लबच्या पोरांना शिस्त समितीपुढून निर्दोष सोडवून आणणं हा हौसेचा. बावीस वर्षांत माझा एकही पोरगा निलंबित झालेला नव्हता. यात माझ्या जिभेची करामत आहे, पण आमच्या मॅली मुलखातल्या रीतीचीही आहे. मैदानावर ज्याचं नाक फुटलं तोच समितीपुढे येतो आणि शपथेवर सांगतो, की चूक माझ्या नाकाची होती. मेलबर्नच्या लोकांना हे कळायचं नाही.

लीगचं पदक दरवर्षी ‘सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य’ खेळाडूला मिळतं. प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघांना तीन, दोन आणि एक अशी मतं देतात, आणि मोसम संपला की बेरीज होते. नियम नववा सांगतो, की एका सामन्याचं जरी निलंबन झालं तरी माणूस पदकातून बाद. तारंगुलला ते पदक एक्केचाळीस वर्षांत मिळालेलं नव्हतं.

यंदा ते रोवन ट्रेसिडरचं होतं. वय तेहतीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हा शेवटचा मोसम. याआधी तीनदा दुसरा आलेला. पंचांशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. आणि या गुणाच्या पुतळ्यानं शेवटून दुसऱ्या सामन्यात समोरच्या संघातल्या जारड ऑब्स्टच्या जबड्यावर ठोसा हाणला! पंच चार पावलांवर उभा होता, त्यानं तक्रार लिहिली.

“काळजी करू नकोस,” मी रोवनला म्हणालो. “ऑब्स्टशी बोलणं झालंय. तू फक्त तोंड बंद ठेव.”

मंगळवारी संध्याकाळी सहाला नगर सभागृहात समिती बसली. अध्यक्ष आर्थर लिडगेट, निवृत्त हेडमास्तर. ऑब्स्टचा जबडा तारांनी बांधलेला, बोलता येईना, म्हणून त्यानं चिठ्ठी लिहून दिली. आर्थरनं ती वाचली: ‘मी घसरलो. रोवन जवळपासही नव्हता.’

“पंचांना वेगळं दिसलं,” आर्थर म्हणाला.

“सूर्य डोळ्यांवर होता साहेब,” मी म्हणालो.

“त्या दिवशी पाऊस होता, मर्व्ह.”

“मग पाऊस डोळ्यांवर होता.”

आर्थरनं मान डोलावली. काम फत्ते झालं होतं. तेवढ्यात रोवन उभा राहिला.

“मी मारलं त्याला.”

मी त्याची बाही ओढली. आर्थर बिचारा भला माणूस, त्यानं शेवटचा प्रयत्न केला. “शब्द जपून वापर, बाळा. तुझं कोपर चुकून लागलं असेल.”

“कोपर नाही, मूठ. उजवी. राग आला म्हणून मारलं.”

ऑब्स्ट तारांमधून काहीतरी गुरगुरला आणि घाईघाईनं दुसरी चिठ्ठी लिहायला लागला. पण उशीर झाला होता. शिक्षा झाली: एका सामन्याचं निलंबन.

बाहेर आल्यावर मी रोवनला फैलावर घेतलं. “तुला अक्कल आहे का रे? पदक खिशात होतं!”

“त्याचा जबडा बघितलात ना, मर्व्ह? सहा आठवडे तो नळीनं सूप पिणार, आणि वर माझ्यासाठी खोटं लिहिणार. ते ऐकून गळ्यात ‘सभ्य’ म्हणून पदक घालायचं? मला लाज वाटली.”

मला राग आला होता, एवढंच तेव्हा कळलं.

त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना रोवननं गुणफलकाशेजारी उभं राहून बघितला. पदकाच्या जेवणाला मतं वाचली गेली: ट्रेसिडर, सत्तावीस, अपात्र. त्याच्यामागे एकोणीस मतांवर क्लिंट क्रेमिन. तोही आमचाच. क्लिंटला चेंडू भरपूर मिळतो, कारण तो आला की माणसं आपणहून बाजूला होतात. या मोसमात त्यानं तिघांना दवाखान्यात पाठवलं, आणि तिन्ही वेळा मी त्याला निर्दोष सोडवलं होतं. सर्वांत सभ्य खेळाडू, क्लिंट क्रेमिन! एक्केचाळीस वर्षांनी पदक तारंगुलला आलं. लोक टेबलांवर चढून नाचले. रोवनचं नाव कुणी काढलं नाही. तो मात्र टाळ्या वाजवत होता, आणि त्या खऱ्या होत्या. मला जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात क्लबची वार्षिक सभा झाली. असा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून ठराव आला: यापुढे शिस्त समितीपुढे खेळाडूनं स्वतः काहीही बोलू नये, बोलणं फक्त क्लबच्या प्रतिनिधीनं करावं. प्रतिनिधी म्हणजे मी. हात भराभर वर गेले.

“विरोधात कुणी?” सेक्रेटरीनं विचारलं.

मागच्या रांगेतून रोवननं हात वर केला.

सेक्रेटरीनं चष्मा लावून नियमांचं पुस्तक चाळलं. “माफ कर रोवन. मोसमात निलंबन झालेल्या सभासदाला या सभेत मत नाही.”

रोवननं हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नियमातली पळवाट मला तोंडपाठ होती. दोन मिनिटांत मी त्याला त्याचं मत मिळवून दिलं असतं. क्लिंटसाठी तर मी पाऊण पाऊण तास बोललो होतो. मी कपातला चहा ढवळत बसलो.

ठराव एकमतानं मंजूर झाला.