धोट्याखालच्या दोन ओळी

फोटोखालचा मजकूर निम्माच उरला आहे, हे एकताला दारातूनच दिसले.

पासिर रिस या सिंगापुरी उपनगरातल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मराठी छायाचित्र मंडळाचे प्रदर्शन तासाभरात उघडणार होते: 'स्कॉटलंड, लोखंड आणि सूत'. उन्हाळ्यात मंडळातली सहा माणसे ग्लासगोपासून डंडीपर्यंत कॅमेरे घेऊन हिंडली होती. आता भिंतींवर ओस गोद्या होत्या, विझलेल्या भट्ट्या होत्या, ढगांत शिरलेली धुराडी होती. सगळे कसे देखणे. गंजालासुद्धा मखमलीची लव फुटलेली.

एकताचा फोटो एकच होता, एका जुन्या कापडगिरणीच्या संग्रहालयातला. मागावर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा. होडीसारखे गुळगुळीत लाकूड आणि त्याच्या कुशीला बारीक भोक. आतली सुताची कांडी संपली की विणकर त्या भोकाला ओठ लावून नवा धागा ओढून घेई. तिथल्या बायकांचे दात त्यात कसे किडले, तोंडातोंडांतून आजार कसा फिरला, ते तिने पहिल्या ओळीत लिहिले होते. पुढे आणखी दोन ओळी होत्या. 'मुंबईच्या गिरणीत माझ्या आजोबांना विणाई खात्यात घेतले नाही. त्यांच्या ओठांनी धागा बाटेल, असे इतर विणकर म्हणाले.'

आता तिथे फक्त बायकांची ओळ होती.

"निशिकांत, माझ्या दोन ओळी कुठे गेल्या?"

मंडळाचा प्रमुख निशिकांत, चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेतला मॅनेजर, स्टुलावर उभा राहून दिवा वळवत होता. "अगं, लेआउटमध्ये बसेना."

"आणि नेमके आजोबाच बसले नाहीत?"

"चिडू नकोस. विषय स्कॉटलंडचा आहे. बाहेरचे पाहुणे येणार, त्यांच्यापुढे आपली लक्तरं कशाला टांगायची?"

"कुणाची लक्तरं? माझ्या आजोबांची तर नाहीत."

"तसं नाही गं. आता आपल्यात कोण मानतं असलं काही?"

"कुणीच मानत नाही, तर वाचायला भीती कसली?"

ट्रेमध्ये करी पफ मांडणारी मधुवंती हसली. मंडळाच्या खानपानाचे तीच बघे. "दोघं नंतर भांडा रे. एकता, फोटो इतका सुंदर आलाय, त्याला डाग कशाला?"

डाग. शब्द सहज आला होता, हात पुसता पुसता. म्हणूनच तो खोल गेला. परक्या बायकांच्या किडलेल्या दातांवर या हॉलमध्ये हळहळता येत होते. सातासमुद्रांपलीकडचे दुःख वारसा ठरत होते आणि घरचे दुःख लेआउटमध्ये बसत नव्हते. सेम्बावांगच्या जहाज-यार्डात एकता वेल्डिंगचे सांधे तपासत असे. रंगाखाली तडा दडवणाऱ्याला तिने कधी दुसरी संधी दिली नव्हती. मग इथेच आपण इतकी वर्षे गोड का बोलत आलो?

तिने फोटो उतरवला, टेबलावर आडवा ठेवला आणि त्याच्या रुंद पांढऱ्या कडेवर जाड मार्करने दोन्ही ओळी लिहिल्या. पाहुण्यांसाठी इंग्रजीत. मग खाली मराठीत, मंडळासाठी. फोटो पुन्हा भिंतीवर टांगला.

"प्रिंटची वाट लावलीस," निशिकांत म्हणाला.

"माझी प्रिंट आहे. काढायची असेल तर तुझ्या हातांनी काढ."

त्याने काढली नाही. दारे उघडली, पाहुणे आले, आणि तो नेमका त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. खांदे रुंदावून, ग्लासगोच्या ओतशाळांविषयी भरभरून बोलत. एक वयस्क चिनी बाई त्याच्या कोपरावरून, मग काखेखालून फोटो बघू पाहत होत्या. दोनदा त्यांनी चष्मा सावरला.

एकता हॉल ओलांडून गेली. "निशिकांत, बाजूला हो. त्यांना वाचायचंय."

तो पाहुण्यांकडे पाहून हसला आणि बोलतच राहिला.

तेच वाक्य तिने इंग्रजीत म्हटले, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असे. करी पफकडे गेलेले हात थांबले. निशिकांत सरकला, अर्धेच पाऊल. बाई वाकल्या, पहिल्या शब्दाखाली त्यांनी बोट धरले आणि ओठ हलवत वाचू लागल्या. त्याने पुन्हा आड येऊ नये म्हणून त्या अर्ध्या पावलाच्या जागेत एकता जाऊन उभी राहिली.