शेवटच्या आधीचे रीळ

मित्रांनो, शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी जे काळे लोखंडी धूड उभे आहे, ते म्हणजे मी. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. तुम्ही माझ्यावर दप्तरे टांगता, त्याचा मला राग नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडतो, एवढे पुरे.

कारखान्यात माझा सांगाडा ओतला, चाके बसवली, काच घासून घासून डोळा केला. मग एका चित्रपटगृहाच्या वरच्या चिंचोळ्या खोलीत मला उभे केले. तिथल्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. मामा मला रोज तेल पाजत. पडदा उजळला की खालून शिट्ट्या येत. त्या चित्रपटासाठी असत, पण मी आपल्या खात्यावर जमा करून घेई.

एकदा एका खुन्याचा चित्रपट लागला. शेवटच्या रिळात त्याला फाशी होई आणि लोक टाळ्या पिटत. दारावर तिकिटे फाडणाऱ्या मावशी नेमक्या त्याच वेळी जिना चढून वर येत आणि झरोक्याला डोळा लावत. त्यांच्या धाकट्या भावाला एकाने भांडणात भोसकून मारले होते. मारेकऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. आता त्याच्यासाठी दयेचा अर्ज गेला होता आणि मेलेल्याच्या बहिणीचे काय म्हणणे आहे, ते विचारायला वकीलबाई येणार होत्या. मावशींचे उत्तर ठरलेले होते.

“मामा, लटकवताय ना?”

“रोज लटकवतोय की! त्याचं सोडा, आता माझीच मान अवघडली.”

“अवघडू दे. मला बघून गार वाटतं.”

वकीलबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. रिळे गुंडाळून ठेवताना मामांनी शेवटची दोन एकमेकांच्या डब्यांत घातली होती. त्यामुळे फाशी आधीच झाली. त्या प्रसंगातले ढोल ऐकून मावशी धापा टाकत वर आल्या. टाळ्या पडल्या. आणि पाहतात तर काय, मेलेला माणूस पडद्यावर कोठडीत बसलेला!

“अरे, हा उठला की!” खालून कुणीतरी ओरडले. सगळे हसले.

“गेली माझी नोकरी!” मामांनी कपाळावर हात मारला आणि दुसरा हात बटणाकडे नेला.

“थांबा,” मावशी म्हणाल्या. “ह्याला आई आहे?”

त्या रिळात त्याची म्हातारी आई भेटायला येते. गजांतून हात घालून त्याचे केस विंचरते. तो म्हणतो, पुढच्या वेळी जाड पांघरूण आण. एरवी हे रीळ लागले की लोक पाय मोकळे करायला बाहेर जात. मावशींनी तर ते कधी पाहिलेच नव्हते. आज कुणी हलले नाही. पुढची वेळ नाही, हे सगळ्यांनी आत्ताच पाहिले होते.

“सांगा तर फाशीचं रीळ उलटं फिरवतो आणि त्याला खाली उतरवतो,” मामा हळूच म्हणाले.

“माझा भाऊ येईल का तसा मागं?”

मामांनी बटणाकडचा हात मागे घेतला. मग मावशीच पुटपुटल्या, “नाही येणार. त्या मेल्याला लटकवला तरी नाही.”

दुसऱ्या दिवशी खाली गर्दी होती, म्हणून वकीलबाई आमच्या खोलीतच आल्या. मावशी म्हणाल्या, “मी माफ केलेलं नाही, हे आधी लिहा. त्याला सोडू नका, जन्मभर आत ठेवा. पण दोर नको. त्याची आई मला बाजारात दिसते. मी तिच्याशी बोलत नाही, बोलणारही नाही. पण तिला भेटीला जायला एक दार राहू दे.”

त्याची फाशी टळली. मालकांनी मामांना झापले, पण कामावरून काढले नाही.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. मला भंगारात काढायला निघाले, तेव्हा मावशी आडव्या आल्या. “बंद पडलंय म्हणून तोडायचं होय?” असे म्हणून त्यांनी मला इथे आणवले.

मित्रांनो, माझ्या डोळ्यावरची धूळ अधूनमधून पुसा. आणि एक ऐका. मी मारलेली माणसे पुढच्या खेळाला पुन्हा उभी राहत. खऱ्या माणसाला ते जमत नाही. म्हणून ‘याला मारूनच टाका’ असे तोंडावर आले, तर आधी त्याची सगळी रिळे पाहा. राग येऊ द्या, तो खोटा नसतो. मावशी अजून इथे वर्तमानपत्र वाचायला येतात. परवा ग्रंथपालांनी त्यांना विचारले, “गेला का हो राग?”

“कुठला जातोय! आहे तसाच आहे,” मावशी म्हणाल्या. “पण झोप लागते.”